तटस्थ राहण्याची जबाबदारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एखाद्या देशात यादवी पेटली असता इतर देशांनी कसे वागावे, या विषयावर या सदरासाठी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाभोवती फिरतात. तटस्थतेचे आजचे कितीतरी नियम त्या चार वर्षांच्या भांडणातून घडले असल्यामुळे ते योग्यच आहे. चार पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

पंचवटी येथील एक शिक्षिका विचारतात : इंग्लंडने अमेरिकेच्या यादवी युद्धात तटस्थ राहण्याची घोषणा केली, पण त्यामुळे उत्तरेकडील सरकार खूश होण्याऐवजी संतापले, असे मी वाचले. कोणाचीही बाजू न घेणाऱ्यावर राग धरण्याचे कारण काय असावे?

आपला प्रश्न थेट मुळाशी जातो. ‘तटस्थ’ या शब्दाचा अर्थ तटावर उभा असलेला असा आहे, आणि आपण नाशिककर असल्यामुळे तटावर उभे राहणे म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. गोदावरीला पूर येऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढले की काठावरच्या माणसालाही स्वस्थ राहता येत नाही. त्याला माल हलवावा लागतो, उत्साहाने पुढे जाणाऱ्यांना अडवावे लागते, आणि पाणी कुठवर आले हे खरेखुरे सांगावे लागते. १८६१ साली उत्तरेचा राग नेमका या शेवटच्या गोष्टीवर होता.

राणी व्हिक्टोरियाची तटस्थतेची घोषणा १३ मे १८६१ रोजी निघाली. ज्या पक्षांमध्ये युद्ध चालू आहे त्यांच्याच बाबतीत तटस्थ राहता येते, म्हणून या घोषणेने आपोआपच दक्षिणेकडील फुटीर राज्यांना ‘युद्धमान पक्ष’ हा दर्जा मिळाला. हा दर्जा म्हणजे स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता नव्हे. ती मान्यता दक्षिणेला ना इंग्लंडने दिली, ना फ्रान्सने, ना अन्य कोणत्या सत्तेने. परंतु युद्धमान पक्षाला कर्ज उभारता येते, शस्त्रे विकत घेता येतात, समुद्रावर शत्रूची जहाजे थांबवून त्यांची झडती घेता येते आणि त्याच्या युद्धनौकांना चाचेगिरीच्या आरोपाखाली धरता येत नाही. अध्यक्ष लिंकन यांचे सरकार जगाला सांगत होते की हे युद्ध नाहीच, हे घरातले बंड आहे आणि आम्ही ते मोडून काढत आहोत. उत्तरेचे नवे वकील (राजदूत) चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स लंडनला पोहोचले त्याच सुमारास ही घोषणा त्यांच्या हाती पडली. आपले म्हणणे ऐकून घेण्याआधीच निर्णय झाला, ही सल उत्तरेच्या मनात पुढे दहा वर्षे राहिली.

तरीही कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडची बाजू लंगडी नव्हती, असे माझे मत आहे. लिंकन यांनी स्वतःच १९ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली होती. स्वतःच्या देशातले बंदर बंद करायचे असेल तर सरकार ते जकातीच्या हुकुमाने बंद करते. परदेशी जहाजे भर समुद्रात अडवून जप्त करण्याचा अधिकार मात्र फक्त युद्धात मिळतो. नाकेबंदी म्हटले की युद्ध आले, आणि युद्ध म्हटले की दोन पक्ष आले. पुढे १८६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने का होईना, ही नाकेबंदी युद्धाचा कायदेशीर भाग असल्याचे मान्य केले. बंडखोरांना बंडखोर म्हणायचे आणि त्याच वेळी जगाकडून युद्धाचे हक्क मागायचे, अशी ती कोंडी होती. पुढे अनेक देशांतल्या सरकारांनी ती अनुभवली आहे.

याउलट, नाकेबंदी मान्य करण्यात इंग्लंडने उत्तरेला जे दिले त्याची चर्चा फार कमी होते. क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ साली पॅरिसमध्ये झालेल्या जाहीरनाम्यानुसार नाकेबंदी कागदावरची चालत नाही. ती बंधनकारक ठरण्यासाठी बंदरासमोर प्रत्यक्ष पुरेसे आरमार उभे असावे लागते. दक्षिणेचा किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा होता आणि पहिल्या वर्षी उत्तरेकडे त्यासाठी पुरेशी जहाजे नव्हती. इंग्लंडला ही नाकेबंदी धुडकावून लावायची असती तर कारण हाताशी होते. त्याने तसे केले नाही, कारण जगातले सर्वांत मोठे आरमार त्याचे होते आणि उद्याच्या युद्धात हेच शस्त्र त्याला स्वतःला लागणार होते. तटस्थाचे हित आणि तटस्थाचे कर्तव्य येथे एकाच दिशेने गेले. नेहमी तसे होत नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. दक्षिणेचे दोन प्रतिनिधी, जेम्स मेसन आणि जॉन स्लाइडेल, हवानाहून ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालजहाजाने युरोपकडे निघाले होते. उत्तरेच्या ‘सॅन जासिंटो’ या युद्धनौकेचे कप्तान चार्ल्स विल्क्स यांनी ८ नोव्हेंबरला ते जहाज अडवले आणि त्या दोघांना उतरवून घेतले. तटस्थ देशाच्या ध्वजाखालून माणसे ओढून नेली म्हणून लंडनमध्ये संतापाची लाट उसळली आणि हजारो सैनिक कॅनडाकडे रवाना झाले. वॉशिंग्टनला धाडायच्या खलित्याचा मसुदा कडक होता. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी आजारी असतानाच त्यात बदल सुचवले. कप्तानाने आपल्या सरकारच्या आज्ञेविना हे केले असावे अशी आशा त्यात व्यक्त केली गेली आणि समोरच्याला मागे फिरण्यासाठी वाट मोकळी राहिली. १४ डिसेंबरला प्रिन्स अल्बर्ट वारले. वॉशिंग्टनमधील ब्रिटिश वकील लॉर्ड लायन्स यांनी तो खलिता अधिकृतपणे हाती देण्यापूर्वी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांना त्याचा आशय खाजगीत सांगून विचाराला अवधी दिला, आणि वर्षअखेरीस उत्तरेने कैदी सोडण्याचे मान्य केले. अटलांटिकखालची १८५८ सालची तार बंद पडलेली होती, त्यामुळे प्रत्येक निरोपाला जहाजाने दहा-बारा दिवस लागत. माणसांचा राग शांत होण्यास त्या दिवसांनी मोठी मदत केली, असे मला नेहमी वाटते.

नाशिक रोड येथील एक निवृत्त रेल्वे कर्मचारी विचारतात : ‘अलाबामा’ नावाच्या जहाजामुळे इंग्लंडला अमेरिकेला मोठी भरपाई द्यावी लागली, असे ऐकले आहे. इंग्लंडने युद्धात भाग घेतला नव्हता आणि जहाज एका खाजगी गोदीने बांधले होते, तर सरकारवर जबाबदारी कशी आली?

या प्रश्नाला मी थोडी अधिक जागा देणार आहे, कारण तटस्थतेबद्दल जे काही शिकण्यासारखे आहे त्यातले बरेचसे या एका जहाजात भरलेले आहे.

तटस्थ देशातील व्यापाऱ्याने दोन्ही पक्षांना बंदुका विकणे त्या काळच्या कायद्याला मंजूर होते. इंग्लंडमधल्या एनफिल्ड रायफली उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही सैन्यांनी विकत घेतल्या. असा माल वाटेत शत्रूच्या हाती सापडला तर तो जप्त होई आणि तोटा व्यापाऱ्याचा. त्याच्या सरकारला त्यात ओढले जात नसे. युद्धनौकेची गोष्ट वेगळी होती. ती बंदरातून बाहेर पडल्याबरोबर लढाई करू शकते, म्हणजे तटस्थ देशाच्या भूमीवरून थेट मोहीम निघाल्यासारखे होते. म्हणून १८१९ सालच्या ब्रिटिश कायद्याने मित्रराष्ट्राविरुद्ध वापरण्याच्या हेतूने जहाज सज्ज करण्यास आणि शस्त्रबद्ध करण्यास मनाई केली होती.

दक्षिणेचे आरमारी प्रतिनिधी जेम्स बुलॉक यांनी वकिलांचा सल्ला घेऊन या कायद्यातली फट शोधली. जहाज इंग्लंडमध्ये बांधायचे, तोफा दुसऱ्या जहाजातून न्यायच्या, आणि दोहोंची गाठ ब्रिटिश हद्दीबाहेर घालायची. मग इंग्लंडमध्ये कोणी काही ‘शस्त्रबद्ध’ केलेच नाही असे म्हणता येईल. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड येथील लेअर्ड यांच्या गोदीत क्रमांक २९० या नावाने एक जहाज उभे राहू लागले. लिव्हरपूलमधील अमेरिकेचे कॉन्सल टॉमस डडली यांनी खलाशांच्या शपथपत्रांसह पुरावा गोळा केला आणि ॲडम्स यांनी तो ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल यांच्यापुढे ठेवला. जकात अधिकाऱ्यांना तो पुरेसा वाटला नाही. मग ॲडम्स यांनी रॉबर्ट कॉलियर या नामवंत वकिलांचे मत मिळवले. हे जहाज सोडले तर कायदा केवळ कागदावरच उरेल, अशा आशयाचे ते मत होते.

यापुढचा भाग वाचताना मन अस्वस्थ होते. कागदपत्रे अभिप्रायासाठी सरकारी कायदेपंडितांपैकी सर जॉन हार्डिंग यांच्या घरी गेली. त्यांना त्याच सुमारास मनोविकाराने ग्रासले होते आणि ही गोष्ट बाहेर कोणाला ठाऊक नव्हती. कागद काही दिवस तसेच पडून राहिले. जहाज थांबवावे असा अभिप्राय अखेर २९ जुलै १८६२ रोजी तयार झाला आणि त्याच दिवशी क्रमांक २९० चाचणी फेरीसाठी म्हणून बंदराबाहेर पडले. संशय येऊ नये म्हणून डेकवर पाहुणे आणि स्त्रियाही होत्या; त्यांना छोट्या वाफेच्या बोटीतून परत पाठवले आणि जहाज पुढे गेले ते परतलेच नाही. अझोर्स बेटांपाशी त्यावर तोफा चढल्या आणि २४ ऑगस्टला कप्तान राफाएल सेम्स यांच्या हाताखाली ‘अलाबामा’ या नावाने त्याची युद्धनौका झाली.

पुढच्या बावीस महिन्यांत या एका नौकेने उत्तरेची साठाहून अधिक व्यापारी जहाजे पकडली आणि त्यांतली बहुतेक जाळली. ती आपल्या समुद्रातही आली होती. जानेवारी १८६४ मध्ये तिने मलबारच्या किनाऱ्याजवळ मुंबईहून निघालेले ‘एमा जेन’ हे अमेरिकन जहाज जाळले आणि त्यावरच्या लोकांना केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगो येथे उतरवले. १९ जून १८६४ रोजी फ्रान्समधील शेरबूर्गच्या बंदराबाहेर उत्तरेच्या ‘किअरसार्ज’ या नौकेने अखेर तिला बुडवले. परंतु एव्हाना उत्तरेची कितीतरी व्यापारी जहाजे विम्याच्या चढ्या दरांमुळे आणि पकडले जाण्याच्या भीतीने परदेशी मालकांच्या नावे झाली होती.

सरकारवर जबाबदारी आली ती या ठिकाणी. इंग्लंडचे म्हणणे असे की, आमचा कायदा जेवढे सांगतो तेवढे आम्ही केले आणि पुरावा पुरेसा होताच जहाज अडवण्याचे ठरवले. अमेरिकेचे म्हणणे असे की, आपला देशी कायदा अपुरा आहे ही सबब परक्या देशाला सांगता येत नाही. १८६३ मध्ये त्याच गोदीत दक्षिणेसाठी दोन चिलखती नौका तयार होत असताना ॲडम्स यांनी ५ सप्टेंबरला रसेल यांना लिहिले की, या नौका बाहेर पडू देणे म्हणजे युद्धच आहे हे आपणास वेगळे सांगण्याची गरज नाही. खरे तर त्या पत्रापूर्वीच रसेल यांनी त्या नौका थांबवण्याच्या हालचाली सुरू केल्या होत्या. कायदा तोच, गोदी तीच, पुरावाही जवळपास तसाच. पण या वेळी सरकारची इच्छा होती. ‘अलाबामा’च्या वेळी ती अपुरी पडली होती, हा निष्कर्ष मला टाळता येत नाही.

युद्ध संपल्यावर सहा वर्षे वाद चालला. शेवटी ८ मे १८७१ रोजी वॉशिंग्टनचा तह झाला आणि प्रश्न लवादाकडे सोपवला गेला. तहात तटस्थ देशासाठी तीन नियम लिहिले गेले. आपल्या हद्दीत मित्रराष्ट्राविरुद्ध जहाज सज्ज होत असल्याचा वाजवी संशय असेल तर ते रोखण्यासाठी योग्य ती दक्षता घेणे, कोणत्याही युद्धमान पक्षाला आपल्या बंदरांचा तळ म्हणून वापर करू न देणे, आणि आपल्या बंदरांतील सर्व माणसांवर त्यासाठी लक्ष ठेवणे, असा त्यांचा आशय होता. ‘योग्य ती दक्षता’ या तीन शब्दांवर सारा खटला उभा राहिला. अमेरिका, इंग्लंड, इटली, स्वित्झर्लंड आणि ब्राझील यांनी नेमलेले पाच लवाद जिनिव्हाच्या नगरभवनात बसले. १४ सप्टेंबर १८७२ रोजी त्यांनी इंग्लंडने अमेरिकेला एक कोटी पंचावन्न लाख डॉलर सोन्यात द्यावेत असा निर्णय दिला. इंग्लंडचे लवाद सर अलेक्झांडर कॉकबर्न यांनी मतभेद नोंदवला, पण त्यांच्या सरकारने रक्कम भरली. युद्ध लांबल्याचा सगळा खर्च इंग्लंडकडून वसूल करावा अशी अमेरिकेची जी अवास्तव मागणी होती, ती लवादांनी सुरुवातीलाच बाजूला ठेवली, आणि तसे केले नसते तर तहच मोडला असता. त्या काळची सर्वांत बलाढ्य सत्ता एका लवादापुढे हरली आणि तिने पैसे मोजले, या घटनेचे मोल मला कोणत्याही लढाईपेक्षा अधिक वाटते.

मालेगाव तालुक्यातील एक शेतकरी वाचक लिहितात : आमच्या घरात जुने लोक सांगत की अमेरिकेच्या लढाईत आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मग कापसासाठी तरी इंग्लंडने दक्षिणेची बाजू का घेतली नाही? आणि आपण भारतीय त्या वेळी तटस्थ होतो का?

आपल्या घरातली आठवण खरी आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. तो रोखला की कापडगिरण्यांचा लँकेशायर परगणा उपाशी पडेल आणि इंग्लंडला आपल्या बाजूने यावेच लागेल, असा दक्षिणेच्या नेत्यांचा हिशेब होता. म्हणून सुरुवातीला त्यांनी स्वतःच कापूस बाहेर जाऊ दिला नाही. हा हिशेब चुकला. आदल्या हंगामांचा साठा इंग्लंडच्या गोदामांत भरपूर होता, आणि तो संपेपर्यंत इजिप्तचा आणि आपला कापूस येऊ लागला. लँकेशायरमध्ये उपासमार झाली, परंतु तिथल्या कितीतरी मजुरांनी गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने उभे राहण्यास नकार दिला. मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र लिहिले आणि लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी त्याला उत्तर दिले. त्यापूर्वी, १८६२ च्या शरद ऋतूत, ब्रिटिश मंत्रिमंडळात मध्यस्थी करण्याचा विचार गंभीरपणे झाला होता. अँटीटमच्या लढाईत दक्षिणेची चढाई थोपली आणि लिंकन यांनी गुलाममुक्तीची घोषणा केली, तेव्हा तो विचार मागे पडला.

आपण तटस्थ होतो का, याचे उत्तर दुःखद आहे. राणीची घोषणा तिच्या सर्व ताब्यातील प्रदेशांना लागू होती, त्यामुळे मुंबई बंदरही कायद्याने तटस्थ होते. पण त्याबाबत येथल्या कोणालाही कोणी विचारले नव्हते. आपला देश या राजनीतीत होता तो माल म्हणून. ‘ट्रेंट’ प्रकरणात इंग्लंडने उत्तरेवर दबाव आणण्यासाठी सोऱ्याची निर्यात थांबवली. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा तो सोरा मुख्यतः बिहार आणि बंगालमधून जात असे. कापसाचेही तेच. खानदेशातून आग्रा रोडने मालेगाव, नाशिक आणि थळ घाट उतरून गाड्या मुंबईकडे जात. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला, म्हणजे युद्ध संपायला जेमतेम तीन महिने उरले असताना. एरवीच्या भावापेक्षा मुंबईला या काळात आठ कोटी दहा लाख पौंड अधिक मिळाले, असा त्या काळचा अंदाज आहे. त्यातून बँका, समुद्रात भर घालण्याच्या कंपन्या आणि शेअरांचा प्रचंड सट्टा उभा राहिला. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या दिवाळखोरीचा दिवस ठरला. ज्या शेतकऱ्याने चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून कर्ज उचलले होते त्याच्यापर्यंत ही घसरण पोहोचली, आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणत्याही राजधानीत कोणी वकील नव्हता.

कॉलेज रोड येथील राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी विचारते : आजच्या यादवी युद्धांना हे नियम लागू पडतात का?

थोडक्यात सांगायचे तर, जसेच्या तसे नाही. बंडखोरांना युद्धमान पक्ष म्हणून उघड दर्जा देण्याची पद्धत विसाव्या शतकात जवळपास लोपली, कारण तसे केले की स्वतःवरही बंधने येतात. त्याऐवजी ‘हस्तक्षेप न करणे’ हा शब्दप्रयोग आला, आणि स्पेनच्या यादवी युद्धात त्याची फार मोठी विटंबना झाली. १९३६ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या समितीत जर्मनी, इटली आणि सोव्हिएत संघ बसत होते, आणि त्याच वेळी पहिले दोघे बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूने विमाने व सैन्य पाठवत होते, तर तिसरा सरकारला शस्त्रे पुरवत होता. निर्बंध खरोखर पाळले गेले ते मुख्यतः स्पेनच्या कायदेशीर सरकारला शस्त्रे न विकण्यापुरते. दोन्ही बाजूंना सारखाच नियम लावल्याने न्याय सारखा होतोच असे नाही, हे त्यातून दिसले.

आपल्या देशाचा अनुभवही अभ्यासण्यासारखा आहे. १९७१ मध्ये भारताने पूर्व बंगालच्या प्रश्नात तटस्थ असल्याचा आव आणला नाही. ३१ मार्चला संसदेने ठराव करून सहानुभूती आणि पाठिंबा जाहीर केला, आणि बांगलादेशाला मान्यता मात्र ६ डिसेंबरपर्यंत राखून ठेवली. श्रीलंकेत भारताने आधी मध्यस्थी केली, १९८५ मध्ये थिंपू येथे तेथील सरकार आणि तमिळ संघटना यांची बोलणी घडवून आणली, आणि २९ जुलै १९८७ च्या करारानंतर तेथे शांतिसेना पाठवली. ज्यांच्यात समेट घडवायचा त्यांच्यापैकीच एकाशी लढण्याची वेळ त्या सेनेवर आली आणि १९९० च्या मार्चमध्ये ती परतली. मध्यस्थ आणि जामीनदार या दोन भूमिका एकाच देशाने एकाच वेळी घेऊ नयेत, असे मला त्यावरून वाटते. नॉर्वेने २००२ मध्ये तेथे शस्त्रसंधी घडवली तेव्हा मागे सैन्य उभे केले नव्हते.

यादवीतील माणसांसाठी मात्र एक नियम आज सर्वांवर बंधनकारक आहे. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत समान असलेले तिसरे कलम सांगते की, देशांतर्गत संघर्षातही शस्त्र खाली ठेवलेल्या, जखमी आणि पकडलेल्या माणसाला माणुसकीने वागवले पाहिजे, आणि रेडक्रॉससारख्या निःपक्षपाती संस्थेला दोन्ही पक्षांना आपली सेवा देऊ करता येते. असे केल्याने बंडखोरांच्या कायदेशीर दर्जात काही फरक पडत नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे १८६१ मध्ये ज्या शंकेने उत्तर संतापली ती शंका येथे आधीच मिटवून ठेवली आहे. या करारांचा पूर्वज असलेला पहिला जिनिव्हा करार २२ ऑगस्ट १८६४ रोजी झाला, आणि तो जिनिव्हाच्या नगरभवनातील ज्या दालनात झाला त्याच दालनात आठ वर्षांनी ‘अलाबामा’चा निकाल लागला. त्या दालनाला आज ‘अलाबामा दालन’ म्हणतात.